लुसीबाईंनी म्हटलेली प्रार्थना

लुसीबाईंना कुणी गाव विचारलं, की त्या मिशनच्या कंपाउंडच्या भिंतीकडं बोट दाखवायच्या.

"हेच. ह्या भितीपासून त्या भितीपोतर."

विचारणाऱ्याला वाटायचं, बाई थट्टा करतायत. पण ते खरंच होतं. लहान असताना आई वारली, बापानं दुसरं लग्न केलं आणि कुरुंद्याकडच्या कुठल्याशा वस्तीवरून आणून लेकीला मिशनच्या मुलींच्या वसतिगृहात सोडून दिलं. बाई तिथंच वाढल्या, तिथंच सातवीपर्यंत शिकल्या. तिथल्याच फादरनी मिशनच्या सुताराशी त्यांचं लग्न लावलं. सुतार लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. मग ज्या वसतिगृहात त्या लेकरू म्हणून आल्या होत्या, त्याच वसतिगृहात मेट्रन म्हणून राहिल्या. मेट्रन हा शब्द फक्त कागदावर. मुली त्यांना 'मोठ्या बाई' म्हणायच्या, आणि बाकी सगळं कंपाउंड 'लुसीबाई'.

कळमनुरीहून नांदेडच्या रस्त्याला लागलं की थोड्या अंतरावर हे मिशन. चर्च, शाळा, दवाखाना, सिस्टर लोकांचं कॉन्व्हेंट, वसतिगृह, मागं कबरस्तान. मी तिथल्या शाळेत गणित शिकवायला लागलो. मी हट्टा गावचा, बौद्ध. शाळा अनुदानित, त्यामुळं आम्हा मास्तरांचा पगार सरकारचा आणि निवृत्तीनंतरची पेन्शनही सरकारची. त्याच कंपाउंडात दुसरी माणसं होती ती थेट मिशनची. स्वयंपाकी, ड्रायव्हर, दवाखान्यातली नर्स, मेट्रन. त्यांना राहायला क्वार्टर, जेवायला मिशनचं, आणि महिन्याला जे हातात पडायचं त्याला पगार म्हणत नसत, मानधन म्हणत. सकाळी एकाच घंटेला आम्ही सगळे कामाला लागायचो, पण हा फरक कधी कुणी मोठ्यानं बोललं नाही. मीही नाही.

बाई ठेंगण्या, अंगानं आडव्या, आणि आवाज असा की मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोरगी चिंचेवर चढलेली असली तर तिथूनच उतरून यायची. कंबरेला किल्ल्यांचा जुडगा. वसतिगृहातली भाजी आधी स्वतः उभ्या उभ्या चाखायच्या आणि बिघडली असली तर पास्कलमामाला, म्हणजे स्वयंपाक्याला, पातेल्यासकट बाहेर काढायच्या. रागावल्या की मुलीला 'माझे राणी' म्हणायच्या. 'माझे राणी' ऐकलं की मुली थरथरायच्या.

फादरसमोर मात्र त्या कधी बसल्या नाहीत. खुर्ची पुढं केली तरी नाही. "उभीच बरी, फादर. बसलं की गुडघे कुरकुर करतेत." गुडघे उभं राहिल्यावर जास्त कुरकुरायचे, हे सगळ्यांना माहीत होतं.

त्यांची प्रार्थना ऐकण्यासारखी असे. पुस्तकातल्या प्रार्थना त्या भराभर उरकत. मग चर्चच्या बाजूला दगडांची गुहा करून तिच्यात मारियामातेची मूर्ती बसवलेली होती, तिच्यासमोर उभ्या राहून त्यांची स्वतःची प्रार्थना सुरू व्हायची. ती शेजारणीशी बोलावं तशी. एकदा वसतिगृहात गोवर पसरला होता. मी हजेरीचं विचारायला गेलो, तर बाई मूर्तीपुढं कंबरेवर हात ठेवून उभ्या. "तुलाबी लेकरू हाय ना माय? मग तुला कळत न्हाई व्हय? धाकटीचा ताप उतरून राहिला न्हाई. आज काय ते बघ. मी परत परत येनार न्हाई." आणि संध्याकाळी त्या परत आल्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

कुरुंद्याची एक मुलगी होती माझ्या नववीत. गणितात हुशार. संक्रांतीच्या सुट्टीला गेली ती परत आली नाही. तिकडं हळदीची काढणी सुरू झाली की हात लागतात, लेकरांची शाळा बुडते, हे नेहमीचंच. पण ह्या मुलीचं लग्न ठरवतायत अशी कुणकुण आली. मी म्हटलं, निरोप पाठवू या. बाई म्हणाल्या, "निरोप काय करतो? निरोपाला हात असतेत का?" आणि एसटीनं गेल्या.

दोन-तीन दिवस पत्ता नाही. पुढं त्या मुलीनंच मला सगळं सांगितलं. बाई थेट रानात गेल्या. तिच्या बापाला काही बोलल्या नाहीत. पदर खोचला आणि बायांच्या ओळीत बसून हळदीचे गड्डे मोडायला लागल्या. दिवसभर. रात्री त्यांच्याच घरी झोपल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओळीत. बाप आधी हसला, मग कोड्यात पडला, मग लाजला. शेवटी म्हणाला, "बाई, तुमी काहून आमच्या रानात राबून राहिल्या?"

"तुझं काम उरकलं म्हणजे पोरगी मोकळी व्हईल. म्हणून."

"पोरीचं लगीन जमवून राहिलो, बाई."

"मग आधी माझं जमव. मी तिच्याहून मोठी हाय."

रानातल्या बाया हसून हसून लोळल्या म्हणे. बापही हसला, आणि हसलेल्या माणसाला परत कठोर होता येईना. मुलगी बाईंसोबत आली.

त्या रविवारी मिस्सा, म्हणजे सकाळची उपासना, झाल्यावर चर्चच्या पायरीवर सगळे उभे होते. बाईंचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळेजर्द. तेव्हा आमच्याकडं फादर विल्यम होते, धर्मगुरूंच्या सेमिनरीतून शिकून नुकतेच बाहेर पडलेले, नगरकडचे. ते हात बघून म्हणाले, "बाई, कुणाच्या लग्नाची हळद ही?"

"लगीन मोडून आले, फादर," बाई म्हणाल्या.

ह्या फादर विल्यमना पुढं टायफॉइड झाला. बाईंनी त्यांना पेज पाजली, कपाळावर पट्ट्या ठेवल्या, अंथरूण बदललं. बरे झाल्यावर ते भर चर्चमध्ये म्हणाले की माझी एक आई घरी आहे आणि दुसरी इथं वसतिगृहात आहे. बाई मागच्या बाकाजवळ उभ्या होत्या. त्यांनी पदरानं डोळे टिपले. पुढं फादर विल्यमची बदली झाली, आणि काही वर्षांनी ते बिशपहाउसमध्ये गेले. धर्मप्रांताचा सगळा आर्थिक कारभार त्यांच्याकडं आला.

पास्कलमामा निवृत्त झाला तेव्हा शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. शाल, पितळेचा क्रूस, हार. भाषणं झाली. किती बिशपांना, किती पाहुण्यांना त्यानं जेवू घातलं ते सांगितलं. सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पास्कलमामा खुर्चीत अवघडून बसला होता, कारण त्याला वाढायची सवय, बसायची नाही. दुसऱ्या आठवड्यात त्यानं क्वार्टर सोडलं आणि कळमनुरीत मुलाकडं गेला.

वर्षभरानं असेल, बाई आणि मी आठवडी बाजारात होतो. वसतिगृहासाठी कांदे घ्यायचे होते. भज्यांच्या एका गाडीवर पास्कलमामा दिसला. गाडी दुसऱ्याची. हा धुराच्या तोंडाला उभा राहून भजी काढत होता. आम्हाला बघितलं आणि खाली काहीतरी पडल्यासारखं करून गाडीमागं वाकला. बराच वेळ वर आला नाही. गिऱ्हाईकं ओरडायला लागली. बाई गाडीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"ऊठ, पास्कल. मी काय तुझी उधारी मागाया आले का?"

तो उठला. चेहरा धुरानं लाल झालेला. म्हणाला, "पोरगा बघतो, बाई. सून बी बघती. पण चहाला बी हात पसरावा लागतो. जनम गेला दुसऱ्याला वाढन्यात, आता मागाया जीभ उचलत न्हाई."

बाईंनी भजी घेतली, पैसे दिले. परत येताना रिक्षात त्यांनी भज्यांना हात लावला नाही. पुडकं मांडीवर तसंच. कंपाउंडच्या फाटकाशी उतरल्यावर म्हणाल्या, "सर, तुमाला पेन्शन हाय. मग आमाला काहून न्हाई? मी कधी इचारलंच न्हाई. इचारायचं असतं, ह्येच ठाऊक नव्हतं."

त्यांचीही वेळ जवळ आली होती. वसतिगृहात मुली कमी होत चालल्या होत्या आणि बिशपहाउसकडून सूचना आली होती की साठीच्या पुढच्यांनी आता विश्रांती घ्यावी. विश्रांती घ्यायची म्हणजे क्वार्टर सोडायचं.

मिशनच्या कामाची चार माणसं बोलायला तयार झाली. बाई, पास्कलमामा, ड्रायव्हर सिलूभाऊ आणि दवाखान्यातल्या नर्स विमलताई. पहिला प्रश्न असा की बसायचं कुठं? हॉल चर्चचा. क्वार्टर चर्चचं. झाडाखाली बसावं तर झाडही चर्चचं. विमलताई म्हणाल्या, "तिथं बसून त्यांच्याबद्दल बोलायचं बराबर वाटत न्हाई." शेवटी सगळे माझ्या घरी आले. सुनंदानं, माझ्या बायकोनं, चहा केला आणि दार लावून घेतलं. दार लावल्यावर सगळे आणखीच गप्प झाले.

सिलूभाऊ मोठ्या मिशांचा, बोलायला रोखठोक. पण त्या दिवशी खालमानेनं म्हणाला, "माझी पोरगी कॉन्व्हेंटच्या बालवाडीत कामाला हाय. उद्या तिला काही म्हणले तर?"

विमलताई म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याची कबर आत हाय. मलाबी तिथंच जायचं हाय."

मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. माझं शाळेशी बिनसलं असतं तर मी शिक्षणाधिकाऱ्याकडं गेलो असतो, कोर्टात गेलो असतो, संघटनेत गेलो असतो. ह्यांचा मालक तोच, घरमालक तोच, पाप कबूल करायचं तेही त्याच्याच कानात, आणि मेल्यावर माती देणाराही तोच. जायचं कुठं? आणि जायची इच्छा तरी कुठं होती? दुसऱ्या रविवारी हीच माणसं चर्चमध्ये सगळ्यांच्या आधी येऊन बाकं पुसत होती.

"आपून त्यांच्या इरुद्ध न्हाई," बाई म्हणाल्या. "आपून फक्त म्हणायचं, ऐका. ऐकाया काय जातं?"

आधी त्या आमच्या इथल्या फादरकडं गेल्या. फादर वयस्क, चांगले होते. त्यांनी शांतपणे सांगितलं, "बाई, तुम्ही नोकरी केलीच नाही. तुम्ही सेवा केली. सेवेला पेन्शन कशी असेल?"

हा शब्द बाईंचा फार आवडता होता. जनगणनेला आलेल्या मास्तरनं धंदा विचारला तेव्हा त्यांनी ताठ मानेनं 'सेवा' असं सांगितलं होतं. त्या दिवशी बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा असा, की जणू आपल्याच घराचं दार आपल्यावर कुणी लावून घेतलंय. माझ्याजवळ म्हणाल्या, "शब्द माझाच होता, सर. माझ्याच अंगावर आला."

मग बिशपहाउसला जायचं ठरलं. मिशनची जीप घेता येईना, ती ह्या कामाला कशी न्यायची? म्हणून माझी गाडी. चालवायला सिलूभाऊ, कारण मला लांबचं जमत नाही. बिशपसाहेब दौऱ्यावर होते. भेटले फादर विल्यम. थोडे जाड झाले होते, केस पांढरे. बाईंना बघून धावत पायरी उतरले. "आई, तुम्ही कशाला त्रास घेतला? फोन करायचा." मलाही आग्रहानं आत नेलं. चहा, बिस्किटं. बाईंच्या गुडघ्यांची चौकशी. विमलताईंच्या नातवाची चौकशी. बाई उभ्याच होत्या.

सिलूभाऊनं कसंबसं विषय काढला. फादर विल्यमनी सगळं मान हलवत ऐकलं. मग सांगितलं की परदेशातून येणारी मदत थांबली आहे, प्रत्येक धर्मग्रामाचा, म्हणजे एकेका चर्चचा, खर्च वेगळा, आजारी धर्मगुरूंचाही प्रश्न आहे. खोटं बोलत नव्हते ते. अडचण खरी होती. शेवटी म्हणाले, "देव तुमची सेवा बघतोय. चला, आपण प्रार्थना करू या."

सगळे उठले. डोळे मिटले. फादरनी फार सुंदर प्रार्थना केली. आमेन झालं, डोळे उघडले, तर फादर दाराशी उभे, हात जोडून, निरोप द्यायला. प्रार्थनेनंतर परत खाली बसणार कोण?

गाडी बरीच लांब आल्यावर सिलूभाऊ म्हणाला, "म्हंजे झालं काय नेमकं?"

विमलताई हसायला लागल्या. हसता हसता रडायला लागल्या. पास्कलमामा खिडकीबाहेर बघत बसला. बाई म्हणाल्या, "पोरगं वाईट न्हाई ते. मीच पेज पाजली त्याला. त्याला मी काय म्हणू? भांडाया दुश्मन तरी पायजे." आणि जरा वेळानं, "प्रार्थनेला नको कसं म्हणायचं, सर? ते तर मला येत न्हाई."

त्यानंतर कित्येक महिने गेले. फोन केला की 'विचार चालू आहे'. पास्कलमामाला दम्यानं घेरलं, त्याची भज्यांची गाडीही सुटली. वर्ष संपत आलं, तेव्हा पुन्हा वेळ मिळाली. पुन्हा माझी गाडी. पास्कलमामा नव्हता.

पुन्हा तीच खोली, तोच चहा. ह्या वेळी फादर विल्यमनी एक सुचवलं. दुसऱ्या जिल्ह्यात सिस्टर लोकांचा वृद्धाश्रम आहे, बाईंची तिथं सोय होईल. बाई म्हणाल्या, "तिथं काम काय?" फादर म्हणाले, "काम कशाला, आई? आराम करा." सिलूभाऊनं पेन्शनचं काढलं. फादरनी पुन्हा तीच अडचण सांगितली, ह्या वेळी थोडी थकून. मग घड्याळाकडं बघितलं आणि म्हणाले, "देव बघतोय सगळं."

"देव बघतो, फादर," बाई म्हणाल्या. "आमी तुमाला ऐका म्हणून राहिलो."

फादर विल्यमचा चेहरा उतरला. ते उठले, हात जोडले. "आपण प्रार्थना करू या."

आम्ही उठलो. मी डोळे मिटतोय तेवढ्यात बाईंचा आवाज आला. "फादर, आज मी म्हणते प्रार्थना."

फादर म्हणाले, "हो, आई. म्हणा ना."

बाईंनी क्रुसाची खूण केली आणि गुहेतल्या मारियामातेशी बोलायच्या त्याच आवाजात सुरुवात केली.

"प्रभू येशू, तू इथं हाईस म्हणून बोलते. पास्कल आज आला न्हाई. त्याची छाती भरली. तुझ्या बिशपाला, तुझ्या फादरला त्यानं आयुष्यभर ऊन ऊन वाढलं, आन आता सुनंपुढं ताट घेऊन उभा राहतो. तूबी जेवला असशील ना कुणाच्या घरी? वाढणाराचं तोंड बघितलं असशील. पास्कलचं बघ.

"ही विमल. दवाखान्यात डॉक्टर नसायचा, तवा हिनंच लेकरं जन्माला आणली. बैलगाडीत आणली, चिखलात आणली. त्यातली काही आज फादर हायत, काही सिस्टर हायत. तिला साखर झाली, देवा. इंजेक्शन पोरीकडून मागून घेती.

"हा सिलू. ह्याच्या जीपमदी नवऱ्या गेल्या, मढी गेली. ह्याच्या डोळ्यावर पडदा आला, पन सांगत न्हाई. सांगितलं तर गाडी जाईल, गाडी गेली तर घर जाईल. मिशा मोठ्या ठिवून हिंडतो. आतून भ्यालेला हाय."

सिलूभाऊनं श्वास घेतलेला मला ऐकू आला. मी डोळे उघडले होते, हे कबूल करतो. बाकी कुणी उघडले नव्हते. फादर विल्यमची मान खाली होती. दार उघडं होतं आणि दारात बिशपसाहेब येऊन थांबले होते. पांढरा झगा, हातात चष्मा. प्रार्थना चाललेली बघून त्यांनीही डोळे मिटले. प्रार्थनेला कोण अडवणार?

बाई बोलतच होत्या. दुसऱ्या मिशनमधली माणसं त्यांनी घेतली. कुठला माळी, कुठली झाडूवाली, कुठले उपदेशक मास्तर. नावं घेत गेल्या, प्रत्येकाचं दुखणं सांगत गेल्या. शेवटी म्हणाल्या, "आन ह्या विल्यमला बळ दे. वरून पैसा येत न्हाई, खाली माणसं उभी. मदीच सापडलंय पोरगं. त्याला झोप येत नसंल. मला काही नको, देवा. मला तू कुठंबी ठिव. पन ह्यांचं ऐक, आन ह्यांना ऐकू दे. आमेन."

"आमेन," दारातून बिशपसाहेब म्हणाले.

फादर विल्यमनी डोळे उघडले तेव्हा ते ओले होते. बिशपसाहेब आत आले आणि खुर्चीवर बसले. मग त्यांनी बाईंना म्हटलं, "बसा." आणि बाई बसल्या. फादर लोकांसमोर त्यांना खुर्चीवर बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. त्या दिवशी आम्ही बराच वेळ तिथं होतो.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. समिती नेमली गेली. तिच्यावर कामगारांकडून विमलताईंना घेतलं. सहा-आठ महिन्यांनी ठरलं की इथून पुढं कामाला लागणाऱ्यांसाठी दर महिन्याला काही रक्कम बाजूला काढायची. जुन्यांसाठी? जुन्यांचा विचार चालू होता.

आणि बाईंना निरोप आला. वसतिगृह बंद होतंय, पण लुसीबाईंनी कुठं जायची गरज नाही. वसतिगृहाच्या टोकाची खोली त्यांना हयातभर राहायला. दोन वेळचा डबा कॉन्व्हेंटमधून. बिशपसाहेबांनी खास सांगितलंय.

बाईंनी आधी नको म्हटलं. पण जायचं कुठं? भावकी नाही, गाव नाही. दोन दिवस त्या अंथरुणाचं गाठोडं बांधून ओट्यावर बसल्या होत्या, हे मी बघितलं. जणू एसटी तिथंच येणार होती. तिसऱ्या दिवशी गाठोडं उचललं आणि टोकाच्या खोलीत नेऊन ठेवलं.

सिलूभाऊ त्यांच्याशी बोलेनासा झाला. मला म्हणाला, "बाईचं भागलं, सर. प्रार्थनेत मला भित्रा म्हणल्या, आन स्वतः खोली घेतली." मी समजावलं. पण त्याचंही चुकत नव्हतं. बिशपसाहेबांनी वाईट हेतूनं दिली असेल असं मला आजही वाटत नाही. पण त्या एका खोलीनं चार माणसांच्या मधोमध भिंत घातली. बाईंना हे सगळ्यांच्या आधी कळलं. रिकाम्या वसतिगृहाच्या ओट्यावर एकदा म्हणाल्या, "मी म्हणलं होतं, मला काही नको. त्यांनी मलाच दिलं. आता मी तोंड उघडलं तर लोक म्हणतीन, खाऊन वर बोलती. न उघडलं तर म्हणतीन, खाऊन गप बसली. सांगा सर, कुठून निघू?"



त्या पावसाळ्यात सिलूभाऊ गेला. डोळ्यांनी नाही, हृदयानं. मागं बायको हिराबाई. मुलगी लग्न होऊन परभणीला गेलेली. माती झाल्यावर महिन्याभरात क्वार्टर रिकामं करायचं होतं, नवा ड्रायव्हर येणार होता. हिराबाईला तिच्या जावयानं ये म्हटलं नाही आणि भावानंही म्हटलं नाही. एक दिवस बाई तिच्या दारात गेल्या, तिची ट्रंक एका बाजूनं धरली आणि म्हणाल्या, "दुसरी बाजू तू धर. मला एकटीला उचलत न्हाई."

इथले फादर टोकाच्या खोलीत आले. म्हणाले, "बाई, खोली तुम्हाला एकटीला दिली आहे."

"मलाच दिली, फादर. मग मी कुठं नाकारून राहिले? माझ्याच खोलीत माझी पाहुनी हाय."

"किती दिवस?"

"ते बिशपसाहेबाला इचारायला आमी दोघी जाऊ."

फादर परत गेले. पुन्हा कुणी विचारायला आलं नाही. डबा मात्र एकाचाच यायचा. दोघी वाटून खायच्या, आणि हिराबाई चुलीवर एखादी भाकरी वाढवायची.

मी निवृत्त होऊन नांदेडला मुलीकडं आलो. कधीमधी फोन व्हायचा. विमलताई समितीच्या बैठकांना जायच्या. मग त्यांच्यासोबत बाई जायला लागल्या, मग हिराबाई. समितीवर ह्या दोघींचं नाव नव्हतं. त्या बाहेरच्या बाकावर बसायच्या. आतले लोक चहाला बाहेर आले की बाई उठून उभ्या राहायच्या आणि एखाद्याला धरून प्रार्थना म्हणायच्या. म्हणे फादर विल्यम आता दुसऱ्या दारानं जात. पण एका बैठकीनंतर ते स्वतःच बाकावर येऊन बाईंशेजारी बसले होते. नुसते बसले म्हणे.

शेवटचं बघितलं ते कळमनुरीच्या बसस्टँडवर. एका लग्नाला गेलो होतो, परतीची गाडी बघत उभा होतो. बाजाराचा दिवस, ही गर्दी. एक बस फलाटाला लागायच्या आधीच लोक पळत सुटले. त्यांच्यात बाई. वाकलेल्या, हातात काठी. दारात शिरता येईना, तेव्हा त्यांनी काय करावं? खिडकीखाली जाऊन एक रुमाल आत फेकला, मग पिशवी फेकली, मग पायातली एक चप्पल काढून ती फेकली. तीन जागा धरल्या. कंडक्टर ओरडला. बाई त्याच्यावर ओरडल्या. मग रेटारेटीत त्या आणि विमलताई आत गेल्या.

मी खिडकीपाशी गेलो. "बाई, कुठं?"

"बैठक हाय. जुन्यांचं आज निघणार म्हणतेत." मग माझ्याकडं नीट बघून, "सर, तुमी बारीक झाले."

"निघेल का?"

"मागच्या बारीबी निघणार होतं," बाई म्हणाल्या. आणखी काही बोलणार होत्या, पण तेवढ्यात एका धिप्पाड माणसानं सीटवरची चप्पल उचलून खाली टाकली आणि बसायला वाकला. हिराबाईचा पत्ता नव्हता, ती पाण्याची बाटली भरायला नळावर गेली होती. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं. बाई माझ्याकडं पाठ करून वळल्या आणि रिकाम्या सीटवर आडवी काठी धरली.

"धरलेली हाय ही जागा, दादा. बसू नका. येऊन राहिली ती."